लहरींची लहर

दर रविवारी रात्री आठ वाजता आमच्या चिमूरच्या घरात एक छोटासा सोहळा असतो. नोकरीनिमित्त परप्रांती गेलेला माझा धाकटा भाऊ संगणकाच्या पडद्यावर प्रकट होतो आणि आमची आई चष्मा पुसून, पदर सावरून त्याच्यासमोर बसते.

यंदाच्या पावसाळ्यात या सोहळ्याला दृष्ट लागली. भाऊ “आई, तू गोळ्या...” एवढे म्हणायचा आणि उघड्या तोंडाने थिजून जायचा. असे पाच-सहा रविवार गेले. शेवटी एके रात्री आई मुकाट्याने उठली आणि देवघराशी जाऊन मला म्हणाली, “काऊन रे, मी बोलाले बसली की तो असा गप्प काऊन होते? कंटाळला असन माह्या गोष्टीले.”

इंटरनेट मंदावले होते, पण त्याचा अर्थ घरात असा लागत होता! मी कंपनीला फोनवर चार शब्द सुनावले. सुदैवाने दुसऱ्याच दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हल्ली तो संगणकाचीच कामे करतो. “सर,” तो म्हणाला, “रस्ते दोन आहेत. एक बाहेरून राउटरच्या पेटीपर्यंत येणारा तारेचा, दुसरा पेटीपासून संगणकापर्यंतचा बिनतारी. खड्डा कोणत्या रस्त्यावर आहे, ते आधी पाहू.”

त्याने पेटी आणि संगणक यांच्यामध्ये सरळ तार जोडली. आमची योजना ४० मेगाबिटची. तारेवर वेग भरला ३८, तार काढताच ३! म्हणजे कंपनी निर्दोष होती. खड्डा आमच्याच घरात होता. तारेवरही वेग कमी भरला असता, तर घरातले इतर फोन व दूरदर्शन संच बंद करून, सकाळ-संध्याकाळ मोजणी करून, ते आकडे हाती घेऊनच तक्रार करावी. मात्र मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे. ८ बिटांचा १ बाइट होतो. तेव्हा ४० मेगाबिटच्या योजनेत सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट पदरात पडतात.

मग त्याने ओसरीत नजर फिरवली. “सर, ही आलमारी इथे केव्हापासून?” आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्याच पावसात कवेलू गळू लागले, म्हणून आम्ही लोखंडी आलमारी सरकवून नेमकी पेटीच्या तोंडाशी उभी केली होती!

बिनतारी लहरी लोखंडावर आपटून परत फिरतात. पाणी त्यांना शोषून घेते. मातीच्या जाड, ओल्या भिंतीही त्यांचे बळ कमी करतात. या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झची सहा. घोडायात्रेत दुरून ढोल ऐकू येतो, पण सनई ऐकायला जवळ जावे लागते, तसाच हा प्रकार. ५ ची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते, २.४ ची सावकाश, पण दूरवर पोचते. पेटी आणि संगणक एकाच खोलीत असतील, तर ५ ची निवडावी.

शहरातल्या बिऱ्हाडांत आणखी एक पंचाईत असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पेट्या एकाच मार्गिकेवर बोलू लागल्या की चाळीतल्या एका नळावर दहा हंडे लागावेत, तसे होते. २.४ मध्ये १, ६ आणि ११ या मार्गिका एकमेकींत मिसळत नाहीत. त्यांतली कमी गर्दीची निवडावी. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात गुणगुणते, म्हणून पेटी तिच्याजवळ ठेवू नये.

आम्ही पेटी माजघरात उंच फळीवर, मोकळ्या जागी ठेवली. संगणकाला तर कायमची तारच जोडली.

पुढच्या रविवारी भाऊ पडद्यावर आला आणि वाक्य एका दमात पुरे झाले, “आई, तू गोळ्या वेळेवर घेते ना?”

आई क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “म्हणजे इतके दिवस तू हेच विचारत होता काय रे?”