किडनी बसवली, आता दुपारची साखर मोजा

2023 साली देशात 13,426 किडनी प्रत्यारोपणे झाली. किडनीचे काम कळवणारे रक्तातले क्रिएटिनिन उतरले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र त्याच काळात दुसरे दुखणे मूळ धरू शकते. आधी मधुमेह नसलेल्या रुग्णांपैकी साधारण 10 ते 40 टक्के जणांना प्रत्यारोपणानंतर तो जडतो, असे जगभरातले वेगवेगळे अभ्यास सांगतात. मधुमेह हृदयालाही धोक्याचा ठरतो; नवी किडनी चालू असतानाच दगावणाऱ्यांमध्ये हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे.

साखर का वाढते?

शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून दिलेले टॅक्रोलिमस स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवू देते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे, असलेल्या इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि भूकही वाढते. डायलिसिसच्या काळातली पथ्ये सुटतात, तोंडाला चव येते आणि वजन चढते.

उपाशीपोटीचा रिपोर्ट फसवतो

प्रेडनिसोलोन सकाळी घेतली की तिचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत राहतो. त्यामुळे उपाशीपोटी 95 असलेली साखर दुपारच्या भाकरी-भातानंतर 220 वर गेलेली असू शकते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी चाचणीही पहिल्या काही महिन्यांत भरवशाची नसते, कारण रक्तक्षय असतो आणि तांबड्या पेशी नव्याने तयार होत असतात. म्हणून साखर पहिले चार आठवडे दर आठवड्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. दुपारच्या जेवणानंतरची नोंद त्यात हवीच.

पाच आकडे

साखरेसोबत कंबर, रक्तदाब आणि रक्तातली चरबीही पाहावी लागते:

- कंबर: पुरुष 90, स्त्री 80 सेंटिमीटर किंवा जास्त
- रक्तदाब: 130/85 किंवा जास्त
- उपाशीपोटी साखर: 100 किंवा जास्त
- ट्रायग्लिसराइड: 150 किंवा जास्त
- एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल): पुरुष 40, स्त्री 50 पेक्षा कमी

यांतले कोणतेही तीन जुळले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यांतल्या एखाद्या आकड्यासाठी औषध चालू असेल, तरी तो निकष जुळला असेच धरतात.

बेंबळीत काय करता येईल?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा 2.5 लाखांवरून 4.5 लाख रुपये करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. शस्त्रक्रियेला त्याचा आधार मिळतो. पण पुढची वर्षे रुग्ण काढतो ती धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात. पाचपैकी तीन आकडे गावातच मिळतात. त्यासाठी टेप, रक्तदाबाचे यंत्र आणि ग्लुकोमीटर पुरेसे आहेत. ते वहीत तारखेसह लिहावेत आणि दर भेटीत नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीतज्ज्ञाला) दाखवावेत.

साखर वाढली म्हणून टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नये. किडनी नाकारली जाण्याचा धोका असतो. डोस डॉक्टरच बदलतील. पण आकडाच समोर आला नाही, तर तेही काय बदलणार? क्रिएटिनिनइतकाच मान दुपारच्या साखरेला द्या.