कातळावरचा शेपटीवाला तित्तर

सेनेगल-गांबियापासून इथिओपिया आणि उत्तर केनियापर्यंत, सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेचा एक आडवा पट्टा आहे. खडकाळ टेकड्या, लाल जांभा, मध्येमध्ये काटेरी झुडपं. इथे एक छोटा तित्तर राहतो, स्टोन पार्ट्रिज. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 25 ते 28 सेंटिमीटर.

ओळखायचा तो आधी शेपटीवरून. रंग पाहायला गेलात तर पक्षी दगडातच हरवतो: अंगभर तपकिरी, त्यावर बारीक पट्टे आणि रेघा, छातीच्या खालच्या बाजूला फिकट पिवळसर ठिपका आणि डोळ्याभोवती उघडी लाल कातडी. शेपटी मात्र चांगली रुंद, आणि तो ती बऱ्याचदा बँटम कोंबडीसारखी उभी धरून चालतो. नर-मादी दिसायला जवळपास सारखेच. मादीचा छातीवरचा ठिपका जरा अधिक फिकट. आपल्याकडच्या राखी तित्तराच्या नराच्या पायाला असते तशी आर याच्या पायाला नसते.

दिवसभर हे पक्षी जोडीनं किंवा लहान थव्यानं बिया, कोवळे कोंब, फळं आणि किडे टिपत फिरतात. चाहूल लागली की उडण्यापेक्षा पळणं त्यांना पसंत. उतारावर एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या घेत ते कपारीत असे शिरतात, की दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत समोर नुसता कातळ उरतो. म्हणून त्यांना शोधायचं ते कानांनी. पहाटे आणि संध्याकाळी एकानं शीळ घातली की दुसरा तीत सूर मिसळतो आणि बघता बघता सगळा थवा गाऊ लागतो. घरटं अगदी साधं, दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला जमिनीत उकरलेला खळगा. त्यात चार-सहा अंडी.

खरी गंमत गोतावळ्याची आहे. पूर्वी हा आफ्रिकेतल्या इतर तित्तरांचाच भाऊबंद ठरवला जाई. डीएनए तपासल्यावर कळलं, की त्याची जवळची नाती अटलांटिकपलीकडे, अमेरिकेतल्या लाव्यांशी आहेत. आफ्रिकेत त्याचं सख्खं म्हणावं असं एकच, नहान्स पार्ट्रिज. राहणी मात्र अगदी उलट: ते युगांडा आणि काँगोच्या दाट रानात, मोठ्या झाडांच्या फळीसारख्या पसरलेल्या मुळांच्या बेचक्यात अंडी घालतं. कातळ कुणी तोडून नेत नाही, झाडं नेतात. त्यामुळे स्टोन पार्ट्रिज अजून सुखात आहे आणि नहान्स पार्ट्रिजची गणना धोक्यातल्या पक्ष्यांत होते.