सुखाचें शास्त्र आणि आपला जिल्हा



वाटेंत ओळखीचा माणूस भेटला कीं आपण सहज विचारतों, "काय, बरें आहे ना?" तोहि चालतां चालतां उत्तर देतो, "बरें आहे." हा 'बरें' शब्द मोठा फसवा आहे. ताप नाहीं, खोकला नाहीं, एवढ्यानें माणूस बरा म्हणावा काय? जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ सालीं अंमलांत आली. तींत स्पष्टच म्हटलें आहे कीं, रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन व समाजजीवन ह्या तिहींचें स्वास्थ्य म्हणजे आरोग्य. मानसशास्त्राला मात्र ही गोष्ट मनावर घेण्यास आणखी पन्नास वर्षें लागलीं. १९९८ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष मार्टिन सेलिग्मन ह्यांनीं आपल्या व्यवसायबंधूंना बजाविलें कीं, आपण आजवर मनाच्या विकारांकडेच लक्ष दिलें. आतां आयुष्य कशानें फुलतें ह्याचाहि शोध घ्यावा. ह्या शाखेस सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात.

परंतु यवतमाळ जिल्ह्यांत बसून सुखाच्या शास्त्राची चर्चा करणें शोभतें काय, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. आपला जिल्हा पांढऱ्या सोन्याचा. पण हें सोनें पावसाच्या लहरीवर पिकतें व बाजाराच्या लहरीवर विकलें जातें. ह्याच जिल्ह्यांतील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे ह्यांनीं १९ मार्च १९८६ रोजीं पत्नी व चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. २०१७ पासून त्या तारखेस ठिकठिकाणीं लोक अन्नत्याग करून त्यांचें स्मरण करतात. २०१५ सालीं सरकारनें बळीराजा चेतना अभियान सुरू केलें, तेंहि यवतमाळ व उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांसाठीं. अशा ठिकाणीं हें शास्त्र निरुपयोगी ठरलें, तर तें सुखवस्तूंची करमणूक होय, दुसरें कांहीं नव्हे.

गंमत अशी कीं, हें शास्त्र जन्मलें तेंच हताशेच्या अभ्यासांतून. १९६७ सालीं सेलिग्मन व स्टीव्हन मायर ह्यांनीं कुत्र्यांवर कांहीं प्रयोग केले. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके कशानेंहि टाळतां आले नव्हते, त्यांना पुढें अशा जागीं ठेविलें कीं एक लहानशी आडभिंत ओलांडली कीं सुटका व्हावी. बहुतेक कुत्रीं उठलीं नाहींत. तेथेंच पडून राहिलीं. ह्यावरून अनुमान निघालें कीं हताशा ही शिकलेली असते. पुढें २०१६ सालीं ह्याच दोघांनीं प्रांजळपणें लिहिलें कीं, आमचें अनुमान उलटें होतें. दीर्घ संकटांत हातपाय गाळणें हा मेंदूचा मूळ धर्मच आहे. शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे 'माझ्या करण्यानें कांहीं फरक पडतो' ही जाणीव.

ह्या दुरुस्तीचें मोल फार आहे. खचलेला माणूस आळशी नव्हे, भित्रा नव्हे, हें तिनें सिद्ध झालें. मीं जन्मभर शाळेंत हेंच पाहिलें. गणितांत वारंवार नापास होणारा मुलगा पुढें पाटीवर आंकडाच मांडीत नाहीं. त्याला छडी मारून उपयोग नसतो. त्याला सुटेल असें एक उदाहरण घालावें, तें सुटलें कीं दुसरें घालावें. आशा ही उपदेशानें येत नाहीं, अनुभवानें येते.

सेलिग्मन ह्यांनीं २०११ सालीं स्वास्थ्याचीं पांच अंगें सांगितलीं: प्रसन्नता, तल्लीनता, नातीं, जीवनाचा अर्थ आणि कार्यसिद्धि. खंजिरीवर भजन म्हणतांना जो घड्याळ विसरतो, त्याला तल्लीनता समजावून द्यावी लागत नाहीं. पोळ्याच्या दिवशीं जो आधीं बैलाला घांस देतो व मग स्वतः जेवतो, त्याला नातें म्हणजे काय हें ठाऊक आहे. ह्या पांचांत नातीं मला सर्वांत महत्त्वाचीं वाटतात. हार्वर्ड विद्यापीठांत १९३८ पासून चाललेल्या दीर्घ पाहणींतूनहि हेंच दिसतें कीं, जिव्हाळ्याचीं नातीं असलेलीं माणसें म्हातारपणीं अधिक सुखी व निरोगी असतात.

ह्याचें प्रत्यंतर शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतच आलें. तेथील ३० गांवांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम झाला व त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेलीं, पण शिकवून तयार केलेलीं माणसें गांवांत लोकांना भेटत, बोलतें करीत, धीर देत व जरूर तर डॉक्टरांकडे पाठवीत. आरंभीं खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्या शंभरांतील सुमारें ४ जणच मदत घेत होते. अठरा महिन्यांनंतर ही संख्या २७ वर गेली. दुःख पूर्वींहि होतें. विचारणारें कोणी नव्हतें.

आतां एक इशारा. रोज रात्रीं दिवसांतल्या तीन चांगल्या गोष्टी व त्यांचीं कारणें लिहावीं, असा एक साधा उपाय २००५ च्या एका प्रयोगांत तपासला गेला. एक आठवडा असें लिहिणारांपैकीं अनेकांचें समाधान सहा महिन्यांनंतरहि वाढलेलें आढळलें. आपण तो अवश्य करून पाहावा. पण ज्याच्या दारांत कर्जाचा तगादा आहे, त्याला "चांगलें तेवढें पाहा" असें सांगणें हा निर्दयपणा आहे. कापसाला भाव, शेताला पाणी व रास्त व्याजाचें कर्ज ह्यांची जागा कोणतीहि वही घेऊं शकत नाहीं. उलट, भाव मिळाला तरी आंतून विझलेला माणूस एकटा उभा राहील असेंहि नाहीं. दोन्ही मदती पाहिजेत.

आपणां शहरवासीयांच्या हातीं भाव नाहीं. विचारपूस मात्र आहे. बाजाराला आलेला ओळखीचा शेतकरी भेटला तर "बरें आहे ना?" म्हणून पुढें जाऊं नका. क्षणभर थांबा, उत्तर ऐका. ओझें फार दिसलें तर केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याला द्या, नव्हे, स्वतः लावून द्या. तेथें मराठींतून बोलतां येतें, व पैसे पडत नाहींत.