केळीच्या पानावरची कातडी

त्वचारोगाच्या वॉर्डात कधी कधी एखाद्या खाटेवर चादरीऐवजी केळीची पानं अंथरलेली दिसतात. त्या खाटेवरच्या माणसाच्या जखमांना सुती चादर चिकटते आणि उचलताना कातडी घेऊनच निघते. पानगी ज्या गुणामुळे पानापासून अलगद सुटते, तोच गुण इथे कामी येतो.

आजाराचं नाव पेम्फिगस. सुरुवात बहुतेक वेळा तोंडात होते. भाकरीचा कोर टोचतो, तिखट सोसत नाही, आणि ‘उष्णता झालीय’ म्हणत माणूस महिनोन्महिने गुलकंद खात बसतो. मग अंगावर पाण्याचे लिबलिबीत फोड येतात. शेजारची धडधाकट दिसणारी त्वचाही अंगठ्याने दाबून सरकवली तर साल निघावी तशी सुटते!

असं का व्हावं? त्वचेच्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असतात. त्या बटणांतलं एक प्रथिन म्हणजे डेस्मोग्लिन. शरीराचीच प्रतिपिंडं त्याला शत्रू समजून त्यावर जाऊन बसतात आणि बटणं उघडतात. सर्वांत खालचा थर मात्र जागचा हलत नाही. म्हणून जखम भरल्यावर डाग उरतो, व्रण सहसा नाही.

1950 च्या दशकात स्टेरॉइड्स आली, तोवर हा आजार बहुधा जीवच घेई. पण रोजच्या मोठ्या डोसने साखर वाढते, हाडं पोकळ होतात. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी वेगळी वाट काढली: सलग तीन दिवस शिरेतून रोज 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी सोबत सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर 28 दिवसांनी पुन्हा तेच. या ‘पल्स’ उपचाराने देशभरातले कितीतरी रुग्ण सावरले.

आता रिटुक्सिमॅब आहे, आणि खरी नवलाई इथे आहे. हे औषध स्वतःच एक प्रतिपिंड! ते बी पेशींवरची सीडी20 ही खूण हेरून त्यांना संपवतं. बी पेशींपासूनच घडलेल्या, प्रतिपिंडं तयार करणाऱ्या परिपक्व पेशींवर ती खूण नसते, त्यामुळे जुन्या लशींचं संरक्षण बरंचसं टिकतं. पण बटणं उघडणाऱ्या टोळीला नवी भरती मिळत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत, थोड्या काळाच्या स्टेरॉइडसोबत हे औषध घेतलेले 89 टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांविना फोडमुक्त होते. नुसत्या स्टेरॉइडवरचे 34 टक्के.

जंतुसंसर्गाचा धोका असतोच. कावीळ-बी ची तपासणी आधी करावी लागते. सहा महिने ते वर्षभरात बी पेशी परततात. पुष्कळदा त्या जुनं वैर विसरूनच येतात. एखादीला ते आठवलंच, तर बातमी बहुधा पुन्हा भाकरीच्या कोरापाशीच लागते.