वाढलेले हाड आणि बोअरचे पाणी

सांध्याची कूर्चा झिजू लागली की तिच्या कडेच्या पेशी डागडुजीला लागतात. आधी त्या नवी कूर्चा तयार करतात, मग हळूहळू तिचेच हाड होते. एक्स-रेमध्ये चोचीसारखे टोक दिसते आणि ‘हाड वाढलंय’ असे निदान घेऊन रुग्ण घरी येतो. गुडघा, मान, कंबर आणि टाच या त्याच्या नेहमीच्या जागा. वाढलेले हाड हा बहुधा मूळ आजार नसतो, आजाराने मागे ठेवलेली खूण असते. साठीपुढच्या कित्येकांच्या एक्स-रेत अशी टोके असतात आणि दुखत काहीच नसते.

टाचेचे उदाहरण घ्यावे. सकाळी पलंगावरून उतरताना पहिले पाऊल टेकवले की सणक येते, चार पावले चालले की कमी होते. दोष बहुतेक वेळा हाडाच्या टोकाला दिला जातो. खरे दुखणे असते टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचे. म्हणून उपचारही पट्ट्याचेच: पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ टाचेची चप्पल, वजन जास्त असल्यास ते कमी करणे, बर्फाचा शेक. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने तात्पुरते बरे वाटते, पण ते वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी पातळ होते आणि पट्टा तुटण्याचाही धोका असतो. हाड खरवडण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

मानेचे प्रकरण वेगळे. तिथले टोक मज्जारज्जूवर दाबू लागले तर शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटू लागतो. अशा वेळी मानेला पट्टा बांधून वाट पाहण्यात अर्थ नाही. एमआरआय करून मणक्याच्या शल्यविशारदाकडे जावे.

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या पट्ट्यात हाड वाढलेल्या रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: घरात पिण्याचे पाणी कुठले? नजफगढकडच्या नैर्ऋत्य दिल्लीत, तसेच गुरुग्राम, फरीदाबाद, नूह, झज्जर या हरियाणाच्या जिल्ह्यांत अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. त्याहून बरेच जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की ते हाडात साठते. हाड दाट पण ठिसूळ होते, अस्थिबंधांत चुना साचतो, मणके एकमेकांना जखडतात. भारतात फ्लोरोसिस नावाच्या या विकाराची पहिली नोंद 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून झाली.

चित्र वरकरणी स्पॉन्डिलायटिससारखे दिसते, त्यामुळे चूक होते. कोपर ते मनगट हाताचा एक्स-रे इथे उपयोगी पडतो: दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साचलेला दिसला तर फ्लोरोसिसचा संशय बळावतो. मग लघवीतले आणि पाण्यातले फ्लोराइड मोजून घ्यावे. लहानपणापासून त्याच पाण्यावर वाढलेल्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात, तीही खूण.

साचलेले फ्लोराइड झटपट काढून टाकणारे औषध नाही. पाणी बदलणे हाच मुख्य इलाज. पाणी उकळून उपयोग नाही: वाफ उडते आणि फ्लोराइड मागे राहून उलट दाट होते. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. गावपातळीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची ‘नलगोंडा’ नावाची पद्धत विकसित केली. आहारात दूध-दही, पालेभाज्या आणि आवळ्यासारखी ‘क’ जीवनसत्त्वाची फळे असावीत. कडक चहाचे कप मात्र मोजावेत, कारण चहातही फ्लोराइड असते. जखडलेला मणका पाणी बदलून मोकळा होत नाही, पण पुढची वाढ मंदावते. मज्जारज्जूवर दाब आलाच असेल तर तो शस्त्रक्रियेनेच उतरवावा लागतो.