माइल्स, टिअर, रिडीम: तिकिटाच्या ॲपमधले इंग्रजी शब्द नेमकं काय सांगतात?

विमानाचं तिकीट काढलं की काही दिवसांनी फोनवर मेसेज येतो, 'यू हॅव अर्न्ड ३२० पॉइंट्स'. पुढे कधीतरी दुसरा येतो, 'युअर माइल्स आर अबाउट टू एक्स्पायर'. दोन्ही मेसेज तुमच्या पैशांबद्दल आहेत, पण शब्द कळले नाहीत की आपण ते सरळ बाजूला सारतो. म्हणून आज मी हेच शब्द सोप्या भाषेत सांगणार आहे.

अंतरावरचं तिकीट म्हणजे काय?

एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. जितके टप्पे, तितकं भाडं. रेल्वेचं मूळ भाडंही अंतरावरच ठरतं आणि तिकिटावर किलोमीटर छापलेले असतात. फरक इतकाच, की रेल्वेत अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भाव कमी होत जातो. याला 'टेलिस्कोपिक फेअर' म्हणतात. त्यामुळे लांबच्या प्रवासाचं एकच तिकीट दोन तुकड्यांपेक्षा सहसा स्वस्त पडतं.

विमानाचं गणित वेगळं. मुंबई ते दिल्ली अंतर रोज तेवढंच, साधारण १,१५० किलोमीटर. पण भाडं सकाळी एक, रात्री दुसरं. हे 'डायनॅमिक फेअर'.

मग 'माइल्स' कुठून आले?

१९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली 'ॲडव्हान्टेज' योजना सुरू केली. तेव्हा हिशोब सरळ होता: जितके मैल उडाल, तितके मैल खात्यात जमा. मुंबई-दिल्ली एवढ्या प्रवासाचे साधारण ७०० मैल झाले असते.

पुढे कंपन्यांनी हिशोब बदलला. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड, २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स, तिघांनीही अंतराऐवजी तिकिटावर केलेल्या खर्चानुसार माइल्स द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ मध्ये हीच पद्धत आणली. म्हणजे एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांपैकी जास्त भाडं भरणाऱ्याला जास्त पॉइंट. 'माइल' हे नाव राहिलं, पण अनेक ठिकाणी त्यातला मैल गेला.

हे शब्द लक्षात ठेवा

- अर्न किंवा अक्रू: पॉइंट जमा होणं.
- रिडीम: जमा पॉइंट खर्च करणं. इथे पॉइंट तुमच्या खात्यातून जातात.
- अवॉर्ड तिकीट: पॉइंट देऊन काढलेलं तिकीट. ते पूर्ण फुकट असतंच असं नाही. टॅक्स आणि इतर चार्जेस बहुतेकदा रोख भरावे लागतात.
- टिअर: सिल्व्हर, गोल्ड अशी तुमची पायरी. टिअर पॉइंट फक्त पायरी ठरवतात, त्यातून तिकीट मिळत नाही. ॲपमध्ये दोन आकडे दिसले तर खर्चता येणारा कोणता, ते आधी बघा.
- ब्लॅकआउट डेट्स: पॉइंट चालत नाहीत ते दिवस. दिवाळीला घरी जायचा बेत असेल तर हे आधी तपासा.
- अप टू: 'अप टू ५,००० पॉइंट्स' म्हणजे जास्तीत जास्त ५,०००. प्रत्यक्षात ५० मिळाले तरी जाहिरात खरीच ठरते.
- डिव्हॅल्युएशन: कालपर्यंत १०,००० पॉइंटला मिळणारं तिकीट आज १५,००० ला. म्हणून पॉइंट वर्षानुवर्षं साठवून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो.

एका पॉइंटची किंमत काढा

समजा, तिकीट रोख ६,००० रुपयांना आहे. तेच पॉइंटने काढलं तर १०,००० पॉइंट आणि वर १,००० रुपये टॅक्स. म्हणजे पॉइंटमुळे वाचले ५,००० रुपये. ५,००० भागिले १०,०००, म्हणजे एक पॉइंट ५० पैशांचा. तेच पॉइंट शॉपिंग व्हाउचरला २० पैशांनी जात असतील, तर तिकीटच काढा. मी रिडीमचं बटण दाबण्याआधी हा भागाकार करतोच.

'एक्स्पायर' शब्दाची भीती

ठग नेमका हाच शब्द वापरतात. 'तुमचे हजारो रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज एक्स्पायर होतील, ही फाइल इन्स्टॉल करा' असा मेसेज येतो, सोबत एपीके फाइल. ती टाकली की तुमचे ओटीपी ठगांच्या हातात जाऊ शकतात आणि खातं रिकामं होऊ शकतं. आपण रिवॉर्डसाठी एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर लिंक वा एपीके पाठवत नाही, असं स्टेट बँकेने स्पष्ट केलेलं आहे.

पॉइंट खरोखर संपत असतील, तर ती तारीख कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही दिसेल. म्हणून मेसेजमधली लिंक उघडू नका. ॲप स्वतः उघडा आणि तिथे बघा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तर आता प्रवासाचं ॲप उघडा आणि दोनच गोष्टी शोधा: खर्चता येणारे पॉइंट किती, आणि त्यांची एक्स्पायरी कधी. घरात आई-बाबांच्या फोनवरही हे एकदा बघून द्या.