टाकलेल्या वस्तूचा मालक कोण? ऑनलाइन विक्री आणि कायदा

कचऱ्यात सापडलेली वस्तू इंटरनेटवर विकणे गुन्हा ठरतो काय, या प्रश्नाला कायद्यात एका शब्दाचे उत्तर नाही. वस्तू कोणाची होती, ती कोठे पडली होती आणि मालकाने तिच्यावरील हक्क खरोखर सोडला होता काय, या तीन बाबींवर निर्णय अवलंबून असतो.

छत्तीसगडमधील पोलादनगरी भिलाईत हा भेद सहज लक्षात येतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याच्या आवारात पडलेले लोखंडाचे भंगार निरुपयोगी दिसले, तरी ते बेवारस नसते. त्याची मालकी आणि ताबा 'सेल' या सरकारी कंपनीकडेच असतो. त्यामुळे ते परवानगीविना उचलणे ही चोरी ठरते.

असे भंगार विकण्याचा रीतसर मार्गही ऑनलाइनच आहे. सेल आणि टाटा स्टील यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली मेटलजंक्शन (आताची एमजंक्शन) आणि १९६४ पासून कार्यरत असलेली एमएसटीसी या कंपन्या इंटरनेटवर लिलाव घेतात. माल बहुधा 'जसा आहे, जेथे आहे' या अटीवर विकला जातो. त्यामुळे तो आधी पाहून घेण्याची जबाबदारी बोली लावणाऱ्यावर असते.

रस्त्यावर सापडलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत रस्त्यावर पडलेल्या अंगठीचे उदाहरण दिले आहे. ती कोणाच्याही ताब्यात नसल्याने उचलणे ही चोरी नव्हे. मात्र मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचा पुरेसा प्रयत्न न करता ती विकल्यास कलम ३१४ नुसार अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे.

खरेदीदारही पूर्णपणे सुरक्षित नसतो. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, विक्रेत्याकडे नसलेली मालकी खरेदीदाराला मिळत नाही. माल चोरीचा असल्याचे ठाऊक असूनही तो घेतल्यास कलम ३१७ लागू होते.

घरासमोरच्या कचरापेटीचा प्रश्न परदेशांतील न्यायालयांतही गेला आहे. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी रद्दीत टाकलेली चार रेखाचित्रे एकाने उचलून विकण्याचा प्रयत्न केला. टाकून दिली तरी ती रिश्टर यांचीच होती, असे मानून कोलोनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये त्याला ३,१५० युरो दंड केला. इंग्लंडमध्ये १९५७ च्या एका निकालात, कचरा उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्यातील वस्तू स्वतःसाठी घेणे ही चोरी ठरली. पेटीतील कचरा बेवारस नसून तो पालिकेने न्यावा यासाठी ठेवलेला असतो, असे न्यायालयाने म्हटले.

हाच तर्क सरसकट लावला, तर भंगार विकून पोट भरणाऱ्या कचरावेचकांची उपजीविका धोक्यात येते. यावर पुण्याने मार्ग काढला. तेथे १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. पुढे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. संस्थेचे सदस्य घरोघरचा कचरा गोळा करतात आणि त्यातील सुका माल विकून उत्पन्न मिळवतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले.

जुनी वस्तू ऑनलाइन विकताना ती देणाऱ्याची लेखी संमती किंवा पावती जवळ ठेवणे हिताचे ठरते. वस्तूवर नाव, क्रमांक किंवा कंपनीची खूण असल्यास आधी मालकाकडे चौकशी करावी. वाद उद्भवल्यास 'कचऱ्यात सापडली' एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही.